ॲपची लायसन्स की बनवायची कशी (विंडोज ९५ सारखी नाही)
विंडोज ९५ ची सीडी की आठवतेय का, आधी ३ आकडे मग ७, आणि मुख्य चेकिंग काय तर त्या ७ आकड्यांची बेरीज ७ ने भागली गेली की झालं, म्हणून १११-१११११११ पण चालायची राव! तपासायचं गणित ॲपमध्येच असतं, ते कोणी उघडून वाचलं की कीजेन (चालणाऱ्या खोट्या की बनवणारा प्रोग्राम) तयार.

म्हणून आरएसए किंवा ईडी२५५१९ (डिजिटल सही करायच्या पद्धती) ची दोन कीजची जोडी बनवा, सही करणारी प्रायव्हेट की स्वतःजवळ, ॲपमध्ये फक्त पब्लिक, तिने सही तपासता येते, बनवता येत नाही. गिऱ्हाइकाचा ईमेल नि एक्सपायरी डेट प्रायव्हेटने साइन करायची, तो मजकूर अधिक सही म्हणजे लायसन्स की, ऑफलाइन पण तपासता येते. लांबलचक होते, कॉपी-पेस्टच करायला सांगा. आणि कोणी ॲपमधला चेकच उडवला तर मात्र यातलं काही कामाचं नाही.