विकास आराखड्यावर हरकत घेताय? या चुका टाळा

आमच्या चुलत्यांनी घरावर एक मजला चढवायला परवानगी मागितली, तेव्हा त्यांना कळलं की नकाशावर त्यांच्या घरातून बारा मीटरचा डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, गेलेला आहे. घर तीस वर्षांचं, घरपट्टी एकही वर्ष थकलेली नाही. गावात रस्ते कुठून जातील आणि कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा हा आराखडा मंजूर होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. काकांचा पहिला प्रश्न होता, "आम्हाला नोटीस का आली नाही?" नगरपरिषदेतल्या टेबलावरच्या माणसाने दिलेलं उत्तर कडू असलं तरी खरं होतं. प्रारूप, म्हणजे मंजुरीआधीच्या कच्च्या आराखड्याची नोटीस घरोघरी येत नाही.

तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या गावात आणि शेजारच्या दोन नगरपरिषदांमध्ये मी लोकांना हरकती लिहायला मदत करतो. माणसं हुशार असतात, त्यांची बाजूही बहुतेक वेळा खरी असते, पण चुका त्याच त्याच होतात. त्यातल्या काही चुका पुढे वीस वर्षं भोगाव्या लागतात, म्हणून हे लिहितो आहे.

नोटीस घरी येईल म्हणून थांबणं

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप विकास योजना तयार झाली की तिची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत छापली जाते. राजपत्रातल्या तारखेपासून हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. वर्तमानपत्रातली जाहिरात पाचव्या पानावर, बारीक अक्षरात, निविदांच्या शेजारी असते आणि ती वाचायची सवय कुणाला नसते. गावात बोभाटा होईपर्यंत वीस दिवस निघून जातात. उरलेल्या दहा दिवसांत नकाशा बघा, कागद जमवा, वकिलाकडे जा, अशी धावपळ होते.

याच धावपळीत एक चूक मी हमखास पाहतो. लोक माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतात आणि उत्तराची वाट बघतात. माहिती अधिकारात उत्तर द्यायला कार्यालयाला ३० दिवस असतात, म्हणजे माहिती येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते. अर्ज जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. प्रारूप आराखडा सर्वांना पाहण्यासाठी खुला ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि त्याची प्रत वाजवी किमतीत विकत मिळायला हवी. थेट नगरपरिषदेत जा, भिंतीवर लावलेल्या नकाशासमोर उभे राहा, आपला गट शोधा आणि मोबाईलवर फोटो काढा.

खरं म्हणजे जागं व्हायची वेळ याच्याही आधीची आहे. आराखडा करायचा इरादा नगरपरिषद आधी जाहीर करते. मग गावाचं सर्वेक्षण होऊन सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो. पुढच्या बहुतेक भानगडींचं मूळ या नकाशात असतं. तुमचं घर त्यात मोकळी जागा म्हणून दाखवलं गेलं, तर पुढे आरक्षण टाकणाऱ्याला, म्हणजे शाळा, बाग, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणाऱ्याला, ती जागा मोकळीच दिसणार. आमच्या काकांच्या बाबतीत हेच झालं. सर्वेक्षणाची माणसं गल्लीत आली की त्यांना चहा द्या आणि आपल्या गटाच्या हद्दी दाखवा. काय नोंदवलं ते विचारा आणि चुकलं असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवा.

रंग बघून परत येणं

नकाशा पाहायला गेलेला माणूस पिवळा रंग दिसला की खूश होतो आणि हिरवा दिसला की हिरमुसतो. पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण एकाच गटाचा अर्धा भाग पिवळ्यात आणि अर्धा हिरव्यात असू शकतो. पिवळ्याच्या पोटातून रस्ता जात असतो किंवा कोपऱ्यावर आरक्षणाचा क्रमांक असतो. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा असते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखवते, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पिवळ्या रंगात असूनही निळ्या रेषेच्या आत असलेल्या प्लॉटवर घर बांधता येईल असं गृहीत धरू नका. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये, त्याआधी २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापुरात पाणी कुठवर चढलं ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही प्लॉट घेताना ही रेषा कुठे आहे हे विचारणारे मला फार थोडे भेटले.

ओढ्यानाल्यांकडे विशेष लक्ष द्या. पावसाळ्यात वीस फूट रुंद वाहणारा ओढा नकाशावर कधी बारीक रेघ होतो, कधी मधेच थांबतो. त्याच्या काठावर तुमची जमीन नसली तरी हरकत घ्या. ओढ्याची जागा गेली तर पाणी खालच्या गल्लीत शिरणार आहे.

नकाशासोबत अहवाल असतो, तो तर जवळजवळ कुणीच वाचत नाही. पुढची लोकसंख्या किती धरली, त्यासाठी किती शाळा, दवाखाने, बागा, मैदानं लागतील आणि सध्या किती आहेत, हे सगळं त्यात असतं. हरकतीला खरी धार अहवालातूनच येते. "माझी जमीन सोडा" असं म्हणणारे शेकडो असतात. "अहवालात या भागात प्राथमिक शाळेची गरज दाखवली आहे, पण त्याच भागात चालू असलेली शाळा जमीन वापर नकाशात सुटली आहे" असं लिहिणारा एखादाच असतो आणि हरकती ऐकणाऱ्या समितीला त्याच्याकडे लक्ष द्यावंच लागतं.

छापील अर्जावर सही

आराखडा जाहीर झाला की कुणीतरी एक मजकूर छापतो आणि घरोघर सह्या गोळा होतात. "सदर आराखडा अन्यायकारक असून तो रद्द करण्यात यावा." असे तीनशे अर्ज आले तरी त्यांचं वजन एकाच अर्जाएवढं होतं, कारण मुद्दा एकच असतो आणि तोही मोघम. मोर्चाचा परिणाम वेगळ्या ठिकाणी होत असेल. सुनावणीच्या टेबलावर मात्र कागद चालतो.

चांगल्या हरकतीत गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक असतो. आरक्षणाचा क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी असते. जागेवर आज काय आहे, काय बदल हवा आणि तो का, हे असतं. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा, बांधकाम परवानगी, फोटो आणि भाग नकाशाची (आराखड्याच्या नकाशातल्या आपल्या भागाची) प्रत जोडायची. त्या प्रतीवर लाल पेनाने आपली जागा दाखवायची. शक्य असेल तर पर्यायही सुचवा. रस्ता घरावरून जात असेल तर तो शेजारच्या पाणंदीवरून कसा नेता येईल ते काढून दाखवा. रस्ता नकोच म्हणणाऱ्यापेक्षा तो कुठून जावा हे सांगणाऱ्याचं म्हणणं टिकतं.

घरपट्टीबद्दल मोठा गैरसमज आहे. घरपट्टीच्या पावत्यांवरून घर इतकी वर्षं उभं आहे हे दाखवता येतं, म्हणून त्या जोडाच. पण घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. परवानगीचा कागद वेगळा असतो. तो नसेल तर ते लपवून हरकत लिहू नका, सुनावणीत पहिला प्रश्न तोच येतो.

अर्ज आवक टेबलावर देऊन शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. "साहेब बघतो म्हणालेत" किंवा "नगरसेवकांच्या कानावर घातलंय" एवढ्यावर थांबलेली माणसं मी मंजूर नकाशासमोर रडताना पाहिली आहेत.

सुनावणीला न जाणं

अर्जात "प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी" हे वाक्य लिहा आणि बोलावणं आलं की जा. ऐकणारी नियोजन समिती असते. तिच्यात नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. वेळ थोडा मिळतो. वडिलोपार्जित जमिनीचा इतिहास सांगण्यात तो घालवू नका. भाग नकाशा पुढे ठेवा, बोट ठेवून जागा दाखवा आणि काय हवं ते दोन वाक्यांत सांगा. बोललेलं लेखी स्वरूपातही द्या.

समितीचा अहवाल नगरपरिषदेपुढे जातो आणि तिथून आराखडा राज्य शासनाकडे मंजुरीला जातो. इथे लोक दुसऱ्या टोकाची चूक करतात, सगळं संपलं असं समजतात. कलम ३१ खाली शासनाने आराखड्यात भरीव बदल सुचवले, तर त्या भागांपुरत्या पुन्हा हरकती मागवल्या जातात आणि त्यासाठी एक महिना मिळतो. तुमच्या बाजूने सुटलेली जागा या टप्प्यावर पुन्हा अडकू शकते. मंजुरीची अधिसूचना आणि तिच्यासोबतची परिशिष्टं शेवटच्या पानापर्यंत वाचा.

आरक्षण दहा वर्षांनी आपोआप उठतं हा समज

उठत नाही. कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाने मालकीच्या कागदांसह नोटीस द्यावी लागते. तिथून पुढे नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे इथे नगरपरिषदेला, जमीन घेण्याची पावलं उचलायला २४ महिने मिळतात. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, मग बारा झाली. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती २४ महिने आहे. जुन्या पुस्तकावरून किंवा जुन्या निकालावरून सल्ला देणारे अजूनही सहाच महिने सांगतात. काही जण प्रारूपाच्या तारखेपासून दहा वर्षं मोजतात आणि नोटीस आधीच पाठवून बसतात. काही जण कागद न जोडता पाठवतात. त्या मुदतीतही काही झालं नाही आणि आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे संपुष्टात आलं, की शासनाने ते राजपत्रात जाहीर करायचं असतं. तो कागद हातात येण्याआधी पाया खोदू नका. शिवाय व्यपगत झालं म्हणजे वाटेल ते बांधता येतं असंही नाही. लगतच्या जमिनीवर जे चालतं तेच तुमच्या जमिनीवर चालेल.

मोबदल्याच्या बोलण्यात टीडीआरचं, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काचं, आमिष दाखवलं जातं. पुण्यासारख्या शहरात त्याला गिऱ्हाईक असतं. पन्नास हजार वस्तीच्या गावात ते प्रमाणपत्र विकत घेणारा बिल्डर कोण आहे, हे आधी शोधा आणि मगच सही करा.

सूचना द्यायला विसरणं

नोटिशीत "हरकती व सूचना" असे दोन शब्द असतात. लोक पहिलाच वाचतात आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. मैदानाचं आरक्षण उठवा म्हणून ज्याची जमीन जाते तो लिहितो. त्याचं दुःख खरं असतं आणि त्याला वेळेवर योग्य मोबदला मिळालाच पाहिजे. पण त्या मैदानावर जी पोरं खेळणार आहेत त्यांच्या बाजूने कुणीच लिहीत नाही. समितीपुढे एकाच बाजूचे कागद येतात, मग निर्णयही तिकडेच झुकतो आणि पाच वर्षांनी आपणच म्हणतो की गावात पोरांना खेळायला जागा उरली नाही. जे नको आहे त्यावर हरकत घेता, तसं जे हवं आहे त्याला पाठिंबा देणारी लेखी सूचना द्या. तीही तितकीच नेमकी हवी. आरक्षण क्रमांक लिहा, आसपास किती घरं आहेत, जवळचं दुसरं मैदान किती लांब आहे आणि वाटेत कोणता मोठा रस्ता ओलांडावा लागतो, ते सांगा.

आमच्या गावात मागच्या वेळी शाळेमागच्या मैदानाबद्दल बऱ्याच हरकती होत्या आणि बाजूने एकच अर्ज होता. तो शाळेत मुलांना सोडायला येणाऱ्या सात आयांनी सही करून दिला होता. सोबत हाताने काढलेला नकाशा होता. सुनावणीत त्यातल्या दोघीच जाऊ शकल्या. मैदान आराखड्यात राहिलं.

जमीन मात्र अजून ताब्यात आलेली नाही. आराखडा अमलात आल्याची तारीख आम्ही वहीत लिहून ठेवली आहे, कारण त्या दिवसापासून दहा वर्षांचं घड्याळ चालू आहे. दरवर्षी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाच्या सभेआधी त्या मैदानाच्या भूसंपादनासाठी तरतूद करा असा अर्ज आम्ही देतो आणि पोच घेऊन येतो. यंदाची चौथी पोच आहे.