राइमान यांचा ‘लिअर’ सोसायटीच्या हॉलमध्ये ऐकवायचा असेल तर

ठाण्यात दहा-पंधरा जणांनी मिळून आधुनिक जर्मन ऑपेरा ऐकायचा बेत केला, तर आरिबेर्ट राइमान (१९३६–२०२४) यांच्या, शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वर बेतलेल्या ‘लिअर’पासून सुरुवात करा. संगीत अवघड आहे, पण गोष्ट ओळखीची. ज्यांनी ‘नटसम्राट’ पाहिलंय त्यांना मुलींनी दूर लोटलेला हा बाप नव्याने समजावून द्यावा लागत नाही.

संगीतकाराची ओळख पाच मिनिटांत उरका, फक्त एक गोष्ट गाळू नका: राइमान गायकांना पियानोची साथ करणारे होते. बर्लिनचा जन्म, संगीतकार बोरिस ब्लाखर यांच्याकडे रचनेचं शिक्षण, आणि नामवंत जर्मन गायक डीट्रिश फिशर-डीस्काऊ यांच्याबरोबर वर्षानुवर्षांच्या मैफली. ‘लिअर’ची कल्पना फिशर-डीस्काऊ यांचीच. ९ जुलै १९७८ला म्युनिकमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा लिअरही तेच गायले. तेव्हा ऐकणाऱ्यांना सांगा, चाल शोधू नका, गळे ओळखा.

त्यासाठी आधी अर्ध्या तासाचे तुकडे ऐकवा. पहिला लिअरचा विदूषक: तो गात नाही, बोलतो, आणि साथीला चारच तंतुवाद्यं. इतक्या विरळ साथीत कान लगेच स्थिरावतो. मग एडगर, लिअरच्या सरदाराचा मुलगा. वेड्याचं सोंग घेतल्यावर त्याचा आवाज चढून काउंटरटेनरच्या, म्हणजे बायकी उंचीच्या पुरुषी आवाजाच्या, पट्टीत जातो, आणि सोंग कुठे सुरू झालं ते भाषा न कळताही कळतं. वादळाचा प्रवेश शेवटी. तिथे तंतुवाद्यं पाव स्वरांच्या अंतराने एकमेकांवर रचलेली आहेत. तयारीशिवाय तो नुसता गोंगाट वाटतो आणि माणसं उठून जातात.

आवाजाची पातळी मात्र वादळावरूनच ठरवा. ऑपेरा सुरू होतो तो लिअरच्या एकट्या, बिनसाथीच्या आवाजाने. त्यावरून व्हॉल्यूम लावला तर पुढे स्पीकर फाटतात. फोनमधली आवाज समान करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर कुजबुज आणि वादळ एकाच उंचीचे होतात. छोटा ब्लूटूथ स्पीकर इथे कामाचा नाही. खालचे स्वर चिखल होऊन येतात. दोन मोठे स्पीकर हवेत, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे.

क्लब हाउसची फरशी आणि काचा आवाज घुमवतात, त्यामुळे सतरंज्या अंथरा, पडदे ओढा. घोडबंदर रोडकडच्या खिडक्या बंद, पंखे कमीत कमी वेगावर.

ऑपेरा दोन भागांचा, सुमारे अडीच तासांचा. संध्याकाळी सहाला सुरू केला तर मध्ये वीस मिनिटं चहा घेऊनही नऊपर्यंत आटोपतो. रात्री दहाची मर्यादा आड येत नाही. प्रवेशांचा मराठी सारांश प्रत्येकाला एका पानावर छापून द्या. ओळीओळीचं भाषांतर देऊ नका, सगळे कागदातच डोकं घालून बसतात. धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं, प्रेत घेऊन लिअर येतो तिथे तर पान बाजूला ठेवायला सांगा, आणि संपल्यावर लगेच दिवे लावू नका.