देशाचं विज्ञान मोजायचंय? आधी बेळगावचे पत्ते साफ करा

शोधनिबंधांच्या संख्येत भारत जगात तिसरा, चीन आणि अमेरिकेच्या मागोमाग. ही बातमी आली की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर हमखास लागते. ती खोटी नाही. पण याच भारताचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता आणि दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून संशोधन मोजण्याच्या कामात नव्यानं येणाऱ्यानं क्रमांक वाचण्याआधी विचारायचं: काय मोजलं, आणि कशानं भागलं?

मी बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात हेच काम करतो. दिवसाचा निम्मा वेळ जातो निबंधांवर लेखकांनी दिलेले पत्ते तपासण्यात. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराचं अधिकृत नाव बदललं, त्यामुळे शोधताना बेळगाव आणि बेळगावी दोन्ही स्पेलिंगं टाकावी लागतात. त्याहून मोठी भानगड व्हीटीयूची, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची. विद्यापीठाचं मुख्यालय इथं, पण संलग्न कॉलेजं राज्यभर. मंगळूरचा प्राध्यापक पत्त्यात विद्यापीठाचं नाव आणि पुढं ‘बेळगावी’ लिहितो, आणि त्याचा निबंध आपल्या गावच्या खात्यात येऊन बसतो. फुकटची श्रीमंती! ओपनअॅलेक्स या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीचा डेटा मोफत आहे. घरी बसून एका वर्षाची यादी उतरवा आणि असे पाहुणे वेगळे काढा. दुसरा कुठलाही कोर्स नंतर.

देशांच्या बाबतीतही असंच. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या दोन गटांचा एक निबंध आला, लेखक ५,१५४. प्रत्येक देशाला पूर्ण एक गुण द्यायचा, की एका गुणाचे वाटे करायचे? पद्धत बदलली की लहान देशांचे क्रमांक चांगलेच हलतात.

संशोधनावरचा खर्च कशाला म्हणायचं, याची व्याख्या ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या फ्रास्काटी मॅन्युअलमध्ये आहे. पहिली आवृत्ती १९६३ ची. निकष पाच: काम नवं हवं, कल्पक हवं, निकाल आधी माहीत नसावा, पद्धतशीर हवं आणि दुसऱ्याला तसंच करून बघता यावं. हे पाठ करून उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत जा. तिथल्या मिस्त्रीनं रायझरची (साच्याला जादा वितळलेला धातू पुरवणाऱ्या भागाची) जागा बदलत बदलत कास्टिंगमधली पोकळी घालवलेली असते. विचारलं तर म्हणतो, “त्यात कसलं संशोधन, रोजचंच काम की!” चौथ्या निकषावर तो अडकतो, कारण कुठं नोंद नाही. माझ्या मते आपला खर्च कमी आहेच, पण असं काम तर मोजणीत येतच नाही.

नोकरीचं म्हणाल तर एनआयआरएफ (कॉलेजांची सरकारी क्रमवारी) आणि नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन) आकडे लागतात, म्हणून कॉलेजांत माणूस लागतोच. पगार बेताचा. मुलाखतीला जाताना पदवीच्या झेरॉक्सबरोबर तुम्ही साफ केलेली ती यादी न्या, आणि कुठली नोंद का काढली तेही शेजारच्या रकान्यात लिहून ठेवा.