मधाचं हायड्रोजेल करताय? आधी बाथमधली साखर मोजा

मधाचं हायड्रोजेल म्हणजे मध धरून ठेवणारं, जखमेवर लावायचं पाणीदार जेल. अल्जिनेट (समुद्री शेवाळातला, जेल होणारा पदार्थ), क्रॉसलिंकिंग (कॅल्शियमने त्याच्या साखळ्या जोडून जाळी करणं) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे थेट कामाचं बोलतो. कोकणात राहून मध आणि प्रोपोलिसवर (माश्या झाडांच्या डिंकापासून बनवतात तो चिकट पदार्थ) प्रोजेक्ट करायचा असेल तर सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेटीत प्रोपोलिस शोधत बसू नका, सातेरी ते जवळपास गोळाच करत नाही. ते मिळतं मेलिफेराच्या (युरोपियन मधमाशीच्या) पेटीत, नाहीतर बिनडंखाच्या बारक्या माश्यांकडे. हे दापोलीकडचा कुठलाही मधपाळ उभ्याउभ्या सांगेल, गाईड सांगेलच असं नाही. माझं मत विचाराल तर एक चांगला मधपाळ ओळखीचा असणं हे दहा रिव्ह्यू पेपरांपेक्षा भारी.

आता खरी गोची. सगळे काय करतात, अल्जिनेटमध्ये मध ढवळतात, साच्यात ओतून कॅल्शियम क्लोराइडच्या बाथमध्ये (द्रावणात) सोडतात, जेल मस्त घट्ट होतं, फोटो काढतात. पण मध म्हणजे बहुतेक साखरच ना, तिचे रेणू एवढेसे, जाळीतून आरामात बाथमध्ये उतरतात, आणि नंतर आपण जेल धुतो तेव्हा उरलेसुरलेही जातात. वहीत ‘30 टक्के मध’ आणि जेलमध्ये किती, देव जाणे. मग बॅक्टेरियाच्या प्लेटवर झोन (बॅक्टेरिया न वाढलेली मोकळी जागा) येत नाही, स्वेलिंग (जेल किती फुगतं ते) मोजताना वजन घटतं आणि आपण त्याला डिग्रेडेशन (जेल झिजणं) म्हणून मोकळे. माझे कितीतरी महिने यात गेले. म्हणून बाथ आणि धुतलेलं पाणी, दोन्हीतली साखर डीएनएसने (साखर मोजायची रंगाची चाचणी) मोजाच. ब्रिक्सवर (रिफ्रॅक्टोमीटर या प्रकाशाच्या उपकरणाने दिसणारा साखरेचा आकडा) विसंबू नका, कॅल्शियम क्लोराइडसुद्धा तो आकडा वाढवतं.

बाथ टाळायचा तर कॅल्शियम कार्बोनेट आणि जीडीएल (हळूहळू आम्ल होऊन कॅल्शियम सोडवणारी पावडर) घालून आतूनच जेल करा. फक्त मध मुळात आंबट, पीएच 4 च्या आसपास, त्यामुळे कॅल्शियम लवकर सुटून बीकरमध्येच गुठळ्या होतात. जीडीएल कमी करा, मध शेवटी घाला, जमतं, घाबरू नका.

कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) चुकवलात तर मात्र व्हायवात कोणी वाचवणार नाही. मधाला तेवढ्याच ग्लुकोज-फ्रुक्टोजचं कंट्रोल, प्रोपोलिसच्या अर्काला नुसत्या इथेनॉलचं. न्यूझीलंडच्या मानुका मधाचे आकडे आपल्या मधाला चिकटवू नका, तिथे जंतू मारण्याचं काम मुख्यतः मिथाइलग्लायॉक्सालचं असतं, आपल्याकडे बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइडचं. आणि तो पेरॉक्साइड बनवणारं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम उष्णतेने मरतं, त्यामुळे ऑटोक्लेव्हचा (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करण्याचा) शॉर्टकट विसरा. जखमेवर लावायच्या मधात बोट्युलिनम या जिवाणूचे स्पोअर्स (टिकाऊ बीजाणू) चालत नाहीत, त्यासाठी गॅमा रेडिएशनच लागतं. हे सगळं ऐकून दडपण येतं, माहितीये, पण मधाची ड्रेसिंग बाजारात आहेतच की, म्हणजे वाट आहे.

मध मात्र उन्हाळ्यातच घेऊन ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरने त्यातलं पाणी बघून. सातेरीच्या मधात पाणी जास्त, त्यात आपली दमट हवा, 20 टक्क्यांच्या वर गेला की आंबायला लागतो. पावसात मागायला गेलात तर तेव्हा मधपाळ माश्यांना साखरेचा पाक पाजत असतो, तो मध कोणी दिलाच तरी घेऊ नका.