पहिली ग्रुप टूर, तीही जपानची? या चुका टाळा

मार्चच्या शेवटी आम्ही दोघं ग्रुप टूरने जपानला जाऊन आलो. पैसे भरल्या दिवसापासून घरात एकच पालुपद चालू होतं, ‘टूरवाले बघतील.’ व्हिसा? टूरवाले बघतील. जेवण? टूरवाले बघतील. बरंचसं त्यांनी बघितलंही, तक्रार नाही. पण गोळ्या, फोन, पोट आणि पाय या चार गोष्टी ज्याच्या त्यानेच बघायच्या असतात. आमच्या ग्रुपची गडबड झाली ती इथंच.

मोठी बॅग रोज रात्री हाताशी असेल असं धरून चालणं

ही चूक माझीच. टोकियोहून क्योतोला आम्ही शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने गेलो. त्या गाडीत लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर भरणाऱ्या बॅगेसाठी वेगळं आरक्षण लागतं. त्यामुळे ग्रुपच्या मोठ्या बॅगा कुरिअरने परस्पर पुढच्या हॉटेलात जातात आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी मिळतात. टूर मॅनेजरने आदल्या दिवशी बसमध्ये माइकवरून हे नीट सांगितलं होतं. मी तेव्हा खिडकीतून फुजी पर्वत शोधत होते.

रात्री हॉटेलात पोचल्यावर हे म्हणाले, “माझी बीपीची गोळी?” गोळ्या होत्या मोठ्या बॅगेत, बॅग होती कुठल्या तरी टेम्पोत. क्योतोत अकरा वाजले होते. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे मुलुंडला साडेसात. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना चालू होता. ग्रुपमधल्या एका काकांकडे त्याच औषधाची स्ट्रिप निघाली, तिचा फोटो डॉक्टरांना पाठवला, त्यांनी होकार दिला, तेव्हा कुठे झोप लागली.

तेव्हा गोळ्या, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि चार्जर पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवा, अगदी मुंबईहून निघाल्यापासून. गोळ्या डबीत सुट्या करून नेऊ नका. स्ट्रिप आणि सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या. रोजची औषधं एका महिन्याला पुरतील एवढीच न्या, त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. आणि घरातल्या डब्यातली सर्दीची गोळी उचलण्याआधी मागचं बारीक छापलेलं वाचा. स्यूडोएफेड्रिन या चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या घटकाचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेताच येत नाही. कोडीन म्हणजे अफूच्या वर्गातलं द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या भानगडीतही पडू नका.

व्हिसाची प्रिंट काढून निर्धास्त होणं

आपल्याला आता जपानचा पर्यटक व्हिसा पासपोर्टवर चिकटवून मिळत नाही. १ एप्रिल २०२४ पासून तो ई-व्हिसा झाला आहे. विमानतळावर तो आपल्या फोनवर, इंटरनेट चालू असताना, उघडून दाखवावा लागतो. प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. आमच्यातल्या एका आजोबांनी कलर प्रिंट लॅमिनेट करून आणली होती! लेकाने आदल्या रात्री रोमिंग चालू करून दिलं होतं म्हणून निभावलं. तुमच्या आईवडिलांना पाठवत असाल तर लिंक कुठली, कुठे दाबायचं, हे घरीच दोनतीनदा करून घ्या. ‘व्हिजिट जपान वेब’ या जपान सरकारच्या वेबसाइटवर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती भरून मिळणारा क्यूआर कोडही ज्याचा त्याचा वेगळा असतो.

तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम आहे ना, तेवढं बघा. लग्नाआधीचं आडनाव पासपोर्टवर आणि नंतरचं फॉर्मवर, हा घोळ आपल्या बायकांचा नेहमीचा.

खाण्याची बॅग चुकीची भरणं

इथे आपला उत्साह दांडगा. चकल्या, चिवडा, दशम्या, मेतकूट, कोरडे लाडू खुशाल न्या. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत ठेवू नका. खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेतं, म्हणून २०२२ पासून आपल्याच विमानतळांवर त्यांना बंदी आहे. ताजी लिंबं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, आंबे यांना तिकडे रोपांच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते तुम्ही आणणार नाही, तेव्हा तेही राहू द्या.

शाकाहारी मंडळींनी फॉर्मवर ‘व्हेज’ला टिक केली की काम झालं असं समजू नये. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि ते बहुतेकदा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं पाणी असतं. वरून निव्वळ टोफू आणि कांद्याची पात दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) ते असतं. ‘मासे नकोत’ म्हटलं की तुकडे काढतात, पाणी तेच राहतं. पैसे भरण्याआधी विचारा: भारतीय जेवण किती दिवस, दुपारी की रात्री, आणि हॉटेलच्या नाश्त्यात आमच्यासाठी नक्की काय? ‘काहीतरी मिळेल’ असं उत्तर आलं तर दशम्या वाढवा.

घरची किटली नेणं

शेजारच्या खोलीतल्या काकूंनी हौसेने नेली होती. चहाचं पाणी ठेवलं, अंघोळ उरकली, साडी नेसून झाली, तरी पाणी कोमटच. किटली बिघडली नव्हती. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, जपानमध्ये १००. इथे १००० वॅट खेचणारी किटली तिथे जेमतेम १९० वॅट खेचते. किटली बहुतेक खोल्यांत असतेच, एकदा विचारून घ्या. चार्जरवर ‘१००–२४०’ छापलेलं असेल तर तो बिनधास्त चालतो, फक्त आपली गोल पिन तिथल्या चपट्या भोकात जात नाही. त्यासाठी अ‍ॅडॅप्टर मुंबईतूनच घ्या.

बूट नवे घ्यायचे तर महिनाभर आधी घ्या. शिवाजी पार्कची एक फेरी साधारण सव्वा किलोमीटर. त्याच बुटात सलग पाच-सहा फेऱ्या दुखल्याशिवाय जमल्या तर ठीक. मात्र क्योतोतल्या डोंगरावरच्या फुशिमी इनारी मंदिराच्या पायऱ्यांचा सराव सपाट रस्त्यावर होत नाही, त्यासाठी सोसायटीचा जिना आहे.

पैशांचं थोडक्यात. ५०० येनचं नाणं असतं, आणि नाणं म्हटलं की आपण चिल्लर समजून उधळतो. फोरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन भरलेलं कार्ड, सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या एटीएममध्ये चालतं. टूरच्या बिलात कापलेला टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारकडे भरलेला आयकर, म्हणजे बुडालेले पैसे नव्हेत. पावती जपा. उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरून परतावा मागता येतो. आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या पेन्शनरांना हे ठाऊकच नव्हतं.

ट्रेनमध्ये अंताक्षरी नको. आम्ही सुरू केली होती. कोणी काही बोललं नाही, पण अख्ख्या डब्यात फक्त आमचाच आवाज आहे हे दुसऱ्या गाण्यालाच लक्षात आलं.

आणि पर्समध्ये दोन रिकाम्या पिशव्या ठेवा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे सहसा दिसतच नाहीत. लोक आपापला कचरा घरी नेतात. नारा शहरात खाल्लेल्या चिक्कीचा कागद माझ्या पर्सच्या कप्प्यातून थेट मुलुंडला निघाला.