'थर्टीन असासिन्स': जुना आणि नवा लागोपाठ कसा पाहावा

जपानी दिग्दर्शक ताकाशी मिइके यांचा 'थर्टीन असासिन्स' २०१० साली आला आणि प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. काहींना वाटलं, सामुराईपटाला, म्हणजे जुन्या जपानी योद्ध्यांच्या चित्रपटाला, पुन्हा धार आली. बाकीच्यांची तक्रार अशी की आधी नुसत्या बैठका आणि मग नुसती कत्तल. दोन्ही मतांत तथ्य आहे. कुठे कुणाचं खरं, हे ठरवायचं तर एइची कुदो यांचा १९६३चा मूळ चित्रपट आधी आणि मिइकेंचा दुसऱ्या दिवशी पाहावा. एकाच रात्री दोन्ही उरकू नयेत, शेवटच्या लढाया डोक्यात एकमेकींत मिसळतात.

आधी प्रत तपासा. मिइकेंचा चित्रपट जपानमध्ये १४१ मिनिटांचा होता. परदेशात गेलेली प्रत साधारण सव्वादोन तासांच्या आतली. छोट्या प्रतीत जंगलात भेटणाऱ्या कोयाता या पात्राचे काही प्रसंग कापले आहेत. त्याचा विचित्र, जवळजवळ अमानवी स्वभाव त्यामुळे पुरता उभा राहत नाही, आणि 'शेवट कळला नाही' असं वाटण्याची शक्यता वाढते. लांब प्रत मिळाली तर तीच घ्या. कुदोंचा चित्रपट कृष्णधवल आणि रुंद पडद्याचा आहे. टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. झूम करून पडदा भरलात तर दालनाच्या कडेला बसलेली माणसं बाहेर जातात. मोबाइलवर तर दोन्ही पाहू नका, अंधारे प्रसंग खूप आहेत.

बैठकांचा भाग पुढे ढकलू नका. कथेचा काळ १८४४चा. नारित्सुगु हा शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याचा, भाऊ, त्यामुळे त्याच्या क्रौर्याला कायदा हात लावू शकत नाही. म्हणून दोई हा वरिष्ठ अधिकारी शिनझाएमोन या सामुराईला नारित्सुगुला मारण्याच्या कामाला गुपचूप लावतो. समोर उभा असतो नारित्सुगुचा रक्षक हानबेई: धनी नालायक आहे हे त्याला कळतं, तरी त्याला वाचवणं हाच त्याचा धर्म. हे डोक्यात पक्कं नसेल तर शेवटचं द्वंद्व दोन दमलेल्या माणसांची झटापट वाटेल. ही चार नावं आणि तेरांपैकी तलवारबाज हिरायामा, एवढी पाच कागदावर लिहून ठेवा. तेराही जण लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. सगळ्यांचे शेंडे आणि गडद कपडे सारखेच, आणि त्याने काही अडतही नाही.

मिइकेंकडे बायकांचे दात काळे आणि भुवया काढलेल्या दिसतील. भीती घालायला केलेला तो मेकअप नाही. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या त्या राजवटीत, विवाहित स्त्रियांची ती रीतच होती. हिंसेबद्दल मत देण्याआधी सुरुवातीची हाराकिरी नीट बघा: कॅमेरा चेहऱ्यावर राहतो, पोट कापल्याचा फक्त आवाज येतो.

आता ओचिआई गावातली शेवटची लढाई. घड्याळ लावा. कुदोंची सुमारे अर्धा तास चालते, मिइकेंची पाऊण तास. जुन्यात शत्रू ५३, नव्यात दोनशेच्या आसपास. पण खरा फरक हिरायामात आहे. कुदोंचा हिरायामा निष्णात तलवारबाज, पण तलवार मोडताच सैरभैर होऊन जीव वाचवायला धडपडतो. मिइकेंचा हिरायामा जागोजागी तलवारी रोवून ठेवतो, एक गेली की दुसरी उपसतो, आणि त्या संपल्या की दगड उचलतो. दोनशे वर्षांच्या शांततेत सामुराई लढणं विसरले होते हे कुदो दाखवतात. मिइके त्याच माणसाला पराक्रमाची संधी देतात. इथे कुदो जास्त प्रामाणिक आहेत. मिइकेंचे पेटलेले बैल संगणकावर केलेले आहेत हे उघड दिसतं, ती तक्रार रास्तच. पण गावाचे रस्ते एकेक करून बंद होत जातात तो सुरुवातीचा भाग मिइकेंनी फार चोख बांधलाय.

तुलना अकिरा कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'शी करू नका. तिथे गाव वाचवायचं असतं, इथे सत्तेतला माणूस मारायचाय. दोन्ही कथांत गावाला तटबंदी होते म्हणून नातं जोडलं जातं आणि माप चुकतं. त्यापेक्षा कुदोंचेच १९६४ आणि १९६७चे हत्येच्या कटावरचे चित्रपट जवळचे.

हीच पद्धत मासाकी कोबायाशींच्या १९६२च्या 'हाराकिरी'ला आणि मिइकेंनी २०११ साली थ्रीडीत केलेल्या त्याच्या नव्या रूपाला लावता येते. तिथे मात्र लढाईची नव्हे, अंगणातल्या शांततेची मिनिटं मोजा.