नोंद आत्ता पुसावी की जतन करताना? डिलीटची वेळ कशी ठरवावी

बिलाच्या फॉर्मवर पाच ओळी आहेत. वापरकर्त्याने तिसऱ्या ओळीवर फुली मारली आणि मग विचार बदलून ‘रद्द करा’ हे बटण दाबले. फॉर्म पुन्हा उघडल्यावर चारच ओळी दिसल्या, तर डिलीट वेळेआधीच डेटाबेसकडे गेले असे समजावे.

प्रथम तीन क्षण वेगळे ओळखावेत: नोंद वगळायची अशी मेमरीत खूण होते तो, प्रत्यक्ष डिलीटची आज्ञा डेटाबेसला जाते तो, म्हणजे फ्लश, आणि ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडणाऱ्या किंवा एकत्रच मागे घेतल्या जाणाऱ्या आज्ञांचा गट) कमिट, म्हणजे कायम, होते तो. फ्लशनंतरही कमिट होईपर्यंत रोलबॅक करता येतो, म्हणजे सारे मागे घेता येते. मात्र त्या भरवशावर फॉर्म उघडा असेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडे ठेवू नये, कारण वापरकर्ता चहाला गेला तरी त्या ओळीवरचे लॉक (इतरांना ती बदलू न देणारे कुलूप) तसेच राहते.

त्यानंतर आपले फ्रेमवर्क, म्हणजे कोड आणि डेटाबेस यांना जोडणारी तयार चौकट, काय करते ते पाहावे. पायथनच्या जँगोमध्ये मॉडेलवरील ‘डिलीट’ लगेच डेटाबेसला जाते. पायथनच्याच एसक्यूएलअल्केमीत सेशनवरील (मेमरीतील नोंदींचा हिशोब ठेवणाऱ्या वस्तूवरील) ‘डिलीट’ केवळ खूण करते आणि आज्ञा फ्लशच्या वेळी जाते. ऑटोफ्लश (आपोआप होणारा फ्लश) चालू असल्यास पुढच्या क्वेरीआधीच तो फ्लश होऊ शकतो. रूबीच्या रेल्समध्ये एकाच कामाच्या दोन तऱ्हा आहेत: जतन झालेल्या पालक नोंदीच्या संग्रहातून ओळ काढली की परिणाम तत्काळ होतो, पण नेस्टेड अ‍ॅट्रिब्यूट्समधून, म्हणजे पालक नोंदीसोबतच तिच्या ओळींचे तपशील पाठवण्याच्या सोयीतून, ‘_डिस्ट्रॉय’ पाठवले तर पालक नोंद सेव्ह होईपर्यंत ओळ शाबूत राहते.

फॉर्मवरून होणारे डिलीट नेहमी सेव्हपर्यंत लांबवावे, असे माझे मत आहे. जँगोच्या फॉर्मसेटमध्ये (एकसारख्या फॉर्मच्या संचात) यासाठी सेव्ह करताना ‘कमिट=फॉल्स’, म्हणजे ‘आत्ताच डेटाबेसमध्ये लिहू नको’, असे देता येते, मात्र १.७ आवृत्तीपासून अशा वेळी ओळी आपोआप पुसल्या जात नाहीत. ‘डिलीटेड_ऑब्जेक्ट्स’ या यादीतील नोंदी आपणच पुसाव्या लागतात, नाहीतर फुली मारलेली ओळ पुढच्या वेळी पुन्हा हजर होते.

डिलीट आधी पाठवावे लागते, असा प्रसंग मुख्यतः युनिक बंधनामुळे, म्हणजे एकच मूल्य दोन नोंदींत चालत नाही या नियमामुळे, येतो. एकाच फ्लशमध्ये जावाचे हायबरनेट आधी इन्सर्ट (नवी नोंद घालणे) आणि शेवटी डिलीट चालवते. त्यामुळे जुनी नोंद काढून त्याच मोबाइल क्रमांकाची नवी नोंद घातली, तर कोडमध्ये डिलीट आधी लिहिलेले असूनही डेटाबेस इन्सर्ट नाकारतो. अशा वेळी ‘रिमूव्ह’ (हायबरनेटमधील डिलीटची खूण) नंतर लगेच ‘फ्लश’ बोलवावे. ट्रान्झॅक्शन तेच राहत असल्याने पुढे चूक झाल्यास दोन्ही कामे मागे घेता येतात. अर्थात, जुनीच नोंद अपडेट करून भागत असेल तर हा खटाटोप करूच नये.

अवलंबून असलेल्या नोंदींचा विचार स्वतंत्रपणे करावा. डॉटनेटच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरच्या ३.० आवृत्तीपूर्वी मुख्य नोंदीवर डिलीटची खूण केली तरी तिच्या अपत्य नोंदींवर ती ‘सेव्हचेंजेस’च्या (बदल जतन करण्याच्या) वेळीच पडत असे, ३.० पासून ती लगेच पडते, जरी आज्ञा डेटाबेसला ‘सेव्हचेंजेस’लाच जाते. एका बिलातली ओळ दुसऱ्या बिलात हलवताना ती मध्ये क्षणभर अनाथ, म्हणजे कोणत्याच पालक नोंदीशिवाय, राहत असेल, तर तिच्यावर नको असलेली खूण पडू शकते. अशा ठिकाणी चेंजट्रॅकरमधील (बदलांची नोंद ठेवणाऱ्या भागातील) ‘डिलीटऑर्फन्सटायमिंग’ला ‘ऑनसेव्हचेंजेस’ हे मूल्य द्यावे.

शेवटी तीन चाचण्या लिहाव्यात: फुली मारून रद्द करणे, नोंद काढून तेच मूल्य पुन्हा घालणे आणि ओळ एका पालकाकडून दुसऱ्याकडे नेणे. प्रत्येक चाचणीत मेमरीतील वस्तू न तपासता नव्या सेशनमधून डेटाबेसमधल्या ओळी मोजाव्यात.